पाचव्या गोळीचा साक्षीदार

हेंक, परवा तुमच्या अंत्यविधीला तुमच्या बायकोने, विल्माने मला दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. तुम्ही पाहिलं असतंत तर हसला असतात. सात वर्षं तुमच्याशी मोडक्यातोडक्या डचमध्ये कडाकडा भांडणारी मी माइकपुढे उभी राहिले, 'हेंक माझा शेजारी होता' एवढं एकच वाक्य बोलले आणि परत खुर्चीवर येऊन बसले. नंतर सगळ्यांनी कॉफी घेतली, केकचा एकेक तुकडा खाल्ला आणि आपापल्या सायकली काढून घरी गेले. मी मात्र तेव्हापासून मनात तुमच्याशी बोलतेच आहे, आणि ते मराठीतच सुचतंय. एरवी मी तुम्हाला सरळ नावाने हाक मारायचे, अरे-तुरे करायचे, कारण तशी ताकीद तुम्हीच दिली होतीत. मराठीत वडिलांच्या वयाच्या माणसाला अरे-तुरे करायला माझी जीभ वळत नाही. तेव्हा इथे 'अहो' चालवून घ्या.

आपली ओळख एका पार्सलमुळे झाली. घरात कोणी नसलं की पार्सल शेजारी ठेवायची इथली पद्धत मला तेव्हा नवीन होती. समीर नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधनाला लागला होता आणि मी त्याच्यामागून आले होते. व्हिसाच्या कागदावर मी त्याच्यावर अवलंबून असलेली बायको होते. नाशिकला औषधांच्या लॅबमध्ये सहा वर्षं मिलिग्रॅममध्ये विचार केलेली बाई इथे रोज सकाळी सुपरमार्केटच्या ऑफर वाचत बसायची. तर ते पार्सल घ्यायला मी तुमच्याकडे आले, आणि विल्माने मागच्या बागेतल्या शेडकडे बोट दाखवलं. तुम्ही पाठमोरे बसला होतात. पुढ्यात छोटा काटा, त्याच्या पारड्यात करडे दाणे आणि काट्याला अगदी चिकटून कॉफीचा वाफाळता मग. आकडा काही केल्या ठरत नव्हता, म्हणून तुम्ही काट्याला शिव्या घालत होतात. मी पार्सल मागायचं सोडून म्हणाले, "आधी तो मग तिकडे ठेवा."

तुम्ही वळून पाहिलंत, तो मग उचलून खिडकीत ठेवलात, आणि आकडा ठरला. गरम कपामुळे आजूबाजूची हवा हलते आणि हवेने पारडं हलतं, हे आमच्या लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तुम्ही विचारलंत, कुठे काम करतेस? मी म्हणाले, कुठेच नाही. तुम्ही एकदा माझ्याकडे, एकदा मगाकडे पाहिलंत आणि म्हणालात, "मग उद्या दहाला ये." पार्सल तिथेच राहिलं. संध्याकाळी विल्मा ते देऊन गेली.

ते करडे दाणे म्हणजे बंदुकीची दारू आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. जन्मभर कापडगिरणीतली यंत्रं दुरुस्त केलेला माणूस निवृत्त झाल्यावर शेडमध्ये बसून आपल्या शिकारीच्या रायफलसाठी हाताने काडतुसं भरतो, हे मला सुरुवातीला वेडच वाटलं. दुकानात तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला? तुम्ही म्हणालात, प्रत्येक रायफलची आवड निराळी असते, आणि ते तुम्ही अशा सुरात म्हणालात की जावयाच्या आवडीनिवडी सांगताय असं वाटावं. काडतुसाची तीच पितळी पुंगळी पुन्हा साफ करून घ्यायची, दारू किती घालायची, गोळी किती खोल बसवायची हे केसाएवढं बदलत जायचं, दर वेळी पाच-पाच भरायची, लांबवर कागदावर झाडून बघायची. सगळे उन्हाळे तुम्ही यात घालवलेत. परवाना भिंतीवर लावलेला होता आणि नियम पहिल्याच दिवशी ठरला. दारूला हात फक्त तुमचा. माझं काम वाचायचं आणि लिहायचं. आईला मी फोनवर सांगितलं की शेजारच्या काकांना दारूचं वजन करायला मदत करते. ती म्हणाली, जावईबापूंना फोन दे.

वहीत वजनाचे दोन रकाने मी पाडायला लावले. एकाने वाचलेला आकडा दुसऱ्याने नुसता मम म्हणून लिहायचा नाही, ही आमच्या लॅबची शिस्त. तुम्ही तुमचा आकडा लिहिणार, मग मी माझा. पण तुमचं लिहिलेलं समोर दिसलं की माझे डोळे आपोआप तेच वाचायचे. म्हणून मी माझा रकाना आधी भरायला लागले, तोही देवनागरी आकड्यांत, म्हणजे तुम्हाला वाचता येऊ नये. तुम्हाला ते इतकं आवडलं की महिन्याभरात तुम्ही ते आकडे शिकलात आणि माझा बेत धुळीला मिळवलात. तुमचा पाच मात्र शेवटपर्यंत उलटा राहिला. मी दर वेळी दुरुस्त करायचे आणि तुम्ही दर वेळी माझ्याकडे बघत, मुद्दाम असल्यासारखा, तस्साच काढायचात. आणखी एक शिस्त मी लावली. रिकामी ओळ रिकामी सोडायची नाही. तिच्यावर तिरकी रेघ मारायची, कारण शेऱ्यात लिहायचं आणि खाली सही करायची, म्हणजे मागाहून कोणी तिच्यात काही घुसडू शकत नाही. तुम्ही विचारलंत, माझ्या शेडमध्ये कोण घुसडणार आहे? मी म्हणाले, तुम्ही.

हे मी उगाच म्हणत नव्हते. तुमची जुनी पानं मी चाळली होती. पानापानांवर चिकटवलेल्या नेमाच्या कागदांत चार भोकं कपाच्या बुडात मावतील एवढ्या जवळ, आणि पाचवं बाहेर. कपाचं बूड हेच तुमचं माप. तोच कॉफीचा मग कागदावर ठेवून तुम्ही पेन्सिलने गोल काढायचात. पाचव्याभोवती वेगळा गोल असायचा आणि पुढे लिहिलेलं असायचं, 'मीच हललो, धरू नये.' वर्षानुवर्षं तुम्ही पाचवी गोळी अशी वगळत आला होतात आणि राहिलेल्या चारांवर खूश होतात. मी तुम्हाला आमच्या सरांचं सांगितलं. नकोसा आकडा आला की तो फाडून टाकायची सोय आमच्याकडे नव्हती. तो का आला हे आधी शोधायचं, आणि कारण सापडलं नाही तर तो मोजायचा. तुम्ही म्हणालात, मी हललो की नाही हे मला कळणार नाही तर कोणाला कळणार? मी म्हणाले, ज्याला निकाल चांगला हवाय त्याचं सोडून कोणालाही. तुम्ही कॉफीसुद्धा न विचारता मला घरी पाठवलंत.

दोन आठवडे तुम्ही रुसला होतात. विल्मा कुंपणावरून माझ्याकडे बघून मान हलवायची. मग एका सकाळी तुम्हीच वही घेऊन आमच्या दारात उभे राहिलात. पानावर नवा रकाना आखलेला होता: साक्षीदार. तुमच्या चौकोनी वळणाच्या अक्षरात वर नियम लिहिला होता की पाचवी गोळी मोजली जाईल, आणि साक्षीदार समोर नसेल तर ती झाडली जाणार नाही. नेमबाजीच्या क्लबातले मित्र चालणार नाहीत, ते तुमचीच री ओढतात, ही पुरवणी मी जोडली. तुम्ही हूं की चूं न करता सही केलीत. आपण चुकत होतो हे कळल्यावर इतक्या सरळपणे वागणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. सत्तरीच्या घरातली तर एकही नाही. त्या दिवशी मला तुमच्याबद्दल जे वाटलं ते मी तोंडाने कधी बोलले नाही. आदर हा शब्द पुरत नाही, आणि तुमच्या भाषेत मला तो नीट येतही नव्हता.

या पाच गोळ्यांचं वेड कुठून आलं ते तुम्ही खूप उशिरा सांगितलंत. शिकारीवरून आपलं वाजायचंच. त्या हरणाने तुमचं काय घोडं मारलंय, असं मी मराठीत पुटपुटायचे आणि तुम्ही अर्थ विचारायचात. एकदा गाडीतून नेमबाजीच्या रेंजवर जाताना तुम्ही आपणहून बोललात. ऐन तरुणपणी तुमची एक गोळी हातभर चुकली होती. जखमी हरीण झाडीत शिरलं, आणि तुम्ही कुत्रा घेऊन दुसऱ्या दिवसाच्या दुपारपर्यंत त्याच्या मागावर होतात. सापडलं तेव्हा ते जिवंत होतं. मग म्हणालात की त्यानंतर दर उन्हाळ्यात पाच गोळ्या कपाच्या बुडात बसल्याशिवाय शिकारीला जायचं नाही असं मी ठरवलं, आणि तू येईपर्यंत पाचवीची सूट स्वतःला देत आलो. मी तरीही हट्टाने विचारलं की हरीण काही पाचवीपर्यंत थांबत नाही, मग पाच कशाला? तुम्ही रस्त्यावरची नजर न हलवता म्हणालात, "पहिली हरणासाठी. बाकीच्या चार माझ्यासाठी." मारूच नये हे माझं म्हणणं मी सोडलं नाही आणि तुमचं तुम्ही सोडलं नाहीत. तो वाद तिथेच राहिला आहे.

पाचवीचा गुन्हेगार शेवटी मलाच सापडला, हे मात्र कबूल करा. जर्मन हद्दीपलीकडच्या त्या रेंजवर मी दुर्बिणीशी बसायचे आणि सवयीने प्रत्येक गोळीची वेळ टिपायचे, स्वयंपाकघरातला टायमर लावून. वेळा एकाखाली एक लिहिल्या तेव्हा डोळ्यांत भरलं. चार गोळ्या एका ठेक्यात, आणि पाचवीला तुम्ही दुप्पट-तिप्पट वेळ घेत होतात. चार छान बसल्या की तुम्हाला धाकधूक व्हायची. काडतूस आत सरकवायचात आणि बसायचात नेम धरून. पण चार गोळ्यांनी नळी तापलेली असायची, त्या तापलेल्या जागेत ते पाचवं काडतूस शेकत राहायचं, आतली दारू गरम व्हायची आणि गोळी भलतीकडे जायची. तुमचा हात हलत नव्हता, काडतूसही चांगलं होतं. तुम्ही पाचवीला नेम धरत नव्हतात, निकाल धरत होतात. हे मी सांगितलं तेव्हा तुम्ही रायफल बाजूला ठेवलीत आणि इतके हसलात की शेजारच्या बाकावरचा माणूस कानावरचे मफ काढून बघायला लागला. त्यानंतर आपण नळी निवू द्यायचो आणि काडतूस अगदी शेवटच्या क्षणी आत घालायचो. त्याच उन्हाळ्यात पाचही बसल्या.

त्या वर्षी तुम्ही स्कॉटलंडच्या डोंगरात गेलात आणि येताना आमच्यासाठी मांस आणलंत. समीरने कांदा-लसूण मसाला घालून त्याचा रस्सा केला. तुमच्या टकलावर घाम आला, नाक गळायला लागलं, तरी तुम्ही ताट स्वच्छ केलंत. मी नुसता भात खाल्ला. तुम्ही आग्रह केला नाहीत. आमची ईरा तुमच्या मांडीवर बसून तुम्हाला डचमध्ये सांगत होती की आई हरणावर रागावली नाहीये, ओपावर रागावली आहे. ओपा म्हणजे आजोबा. हे नातं तिने परस्पर जोडून टाकलं होतं.

माझ्या नोकरीचं श्रेय तुम्ही कधी घेतलं नाहीत. इथल्या लॅबने मुलाखतीत विचारलं की इतकी वर्षं तुम्ही काय केलंत, तेव्हा माझ्या कागदांवर त्या वर्षांत काहीच नव्हतं. मी त्यांना कॉफीच्या मगाची गोष्ट सांगितली. शिफारसपत्र म्हणून तुमची चिठ्ठी दिली. तुम्ही त्यात माझी डिग्री लिहिली नव्हतीत, अनुभव लिहिला नव्हतात. एकच वाक्य होतं: 'ही बाई माझा एकही सोयीचा आकडा चालवून घेत नाही.' समोरच्या बाईने ते दोनदा वाचलं आणि मला विचारलं, सोमवारपासून येता येईल का? हेंक, या देशात मला पुन्हा माझं काम मिळालं ते त्या शेडमुळे. तिथे मी कोणाची बायको म्हणून येत नव्हते. तुम्हाला माझा आकडा हवा असायचा, म्हणून मी यायचे. हे तुमच्या तोंडावर म्हणायला मला सात वर्षं मिळाली होती, आणि मी दर वेळी आकड्यांवरूनच भांडत बसले.

या वसंतात तुम्ही म्हणालात की गुडघे आता डोंगर चढू देत नाहीत, हाउसआर्ट्स, म्हणजे घरचा डॉक्टर, छातीला नळी लावून तोंड वाकडं करतो, तेव्हा सप्टेंबरची स्कॉटलंडची फेरी शेवटची. जूनमध्ये आपण काडतुसं भरली. आपले दोन्ही रकाने पूर्ण होते. जुलैत आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून मी ईराला घेऊन नाशिकला निघाले. तुम्ही कुंपणापाशी उभे होतात. मी म्हणाले, ऑगस्टच्या मध्याला येते, आल्याबरोबर रेंजवर जाऊ, पाच झाडू आणि मग तुम्ही जा. तुम्ही अंगठा वर केलात.

आईचा डोळा बरा झाला. मग सगळे म्हणायला लागले, आलीच आहेस तर गौरी-गणपती करून जा. किती वर्षांत गौरींना हात लावला नव्हता. मी सुटी वाढवली, तिकीट पुढे ढकललं. तुमचा फोन आला तेव्हा मी मखराच्या कागदात बसले होते. उशीर होईल म्हणून सांगितलं. तुम्ही गौरी म्हणजे काय ते विचारलंत. मी सांगितलं की त्या येतात, दुसऱ्या दिवशी जेवतात आणि तिसऱ्या दिवशी जातात. तुम्ही म्हणालात, "तीनच दिवस येणारे पाहुणे? मग तू थांबलंच पाहिजेस." रायफलचं तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत. आणि मी? खरं सांगते, हेंक, मला आठवलंच नाही. नैवेद्याच्या सोळा भाज्या मला पाठ होत्या आणि तुमच्या पाच गोळ्या मी विसरून गेले. मी धरून चालले होते की तुम्ही स्कॉटलंडला गेला असाल.

माझं विमान उद्यावर आलं होतं तेव्हा विल्माचा मेसेज आला. तुम्ही बागेत घेवड्याच्या शेंगा तोडत होतात आणि तिथेच बसलात. मी अंत्यविधीला पोचले, पण तुमच्याशी बोलायला पोचले नाही.

परवान्याची माणसं येऊन रायफल, दारू, उरलेली काडतुसं सगळं घेऊन गेली. शेडमध्ये काटा राहिलाय आणि खिडकीत तो मग. काल विल्माने मला वही दिली. देताना म्हणाली, हेंक स्कॉटलंडला गेलाच नाही, मित्राला कळवून टाकलं की काडतुसांचं काम अजून पुरं झालेलं नाही. तिला वाटलं होतं, दमला असेल, वयाचं असेल. मला त्याच क्षणी आठवलं, आणि मी वही तिच्यासमोर उघडली नाही.

घरी येऊन शेवटचं पान उघडलं. ऑगस्ट संपता संपता तुम्ही एकटेच रेंजवर गेला होतात. कागद घडी घालून वहीत चिकटवलेला आहे. पेन्सिलचा गोल आणि आत चार भोकं. पहिलं आणि चौथं तर एकमेकांना लागलीयेत. इतकं सुंदर काम तुम्ही उभ्या आयुष्यात केलं नव्हतंत, आणि ते बघायला मी नव्हते. वहीत चार ओळी भरलेल्या आहेत, आकडे देवनागरीत, माझ्यासाठी. पाचव्या ओळीत तुमचा तो उलटा पाच आणि पुढे सगळं कोरं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलंय: साक्षीदार भारतात. थांबलो.

तिथे तुम्हाला बघणारं कोणी नव्हतं. पाचवं काडतूस तुमच्या हातात होतं, नळी निवलेली असणार, चाप ओढायचाच अवकाश होता. तुम्ही ती झाडून पाच बसल्या असं लिहिलं असतंत तर मीसुद्धा विश्वास ठेवला असता. हरणासाठीची पहिली तर बसलीच होती. बाकीच्या तुमच्यासाठी होत्या, आणि तिथेच तुम्ही स्वतःला सूट दिली नाहीत. शेवटची फेरी सोडलीत, मला एका शब्दाने बोलला नाहीत आणि वर म्हणालात की तू थांबलंच पाहिजेस. माझ्या लॅबमध्ये भिंतीभर नियम लावलेले आहेत. एकटा असताना ते पाळणारा माणूस मी एकच पाहिला. त्याने ते माझ्यासाठी पाळले, आणि मी मखर लावत होते.

संध्याकाळभर मी पेन हातात घेऊन त्या पानापुढे बसले होते. ती ओळ तशीच ठेवावी असं फार वाटत होतं. पण रिकामी ओळ रिकामी सोडायची नाही हे तुम्हाला मीच शिकवलं, आणि तुम्ही माझं ते कधीच चालवून घेतलं नसतंत. मी पट्टी घेतली, तुमच्या उलट्या पाचाला धक्का न लावता पुढच्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारली आणि खाली सही केली. शेऱ्यात, तुमच्या अक्षराखाली, लिहिलं: साक्षीदार उशिरा पोचली.